आठवडाभरात ऑफिस? पटलं नाही

नितंबांत चरबी भरण्याच्या शस्त्रक्रियेनंतर आठवडाभरात कामावर जाता येतं, हे लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीने गेल्या वर्षी हे करून घेतलं. पहिले 2 आठवडे बूड टेकवायचंच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भरलेल्या चरबीला रक्तपुरवठा मिळायच्या आत दाब पडला तर ती टिकत नाही. झोपायचं पालथं, जेवायचं ओट्यापाशी उभ्याने. पुढेही कित्येक दिवस बसताना उशी मांड्यांखाली आणि बूड अधांतरी. नंतर रिक्षात बसली तेव्हा घोडबंदर रोडच्या एकेका खड्ड्याला तिने माझा हात घट्ट धरला होता.

आणि एक गोष्ट लेखात यायलाच हवी होती. दम लागला, छातीत दुखलं, एकच पोटरी सुजून दुखायला लागली, तर ‘उद्या दाखवू’ म्हणू नका. मध्यरात्र असली तरी 108 ला फोन करा. रक्ताची गुठळी किंवा चरबी फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. म्हणूनच नुसतं पडून राहणंही चुकीचं. आम्ही तिला दर दोन तासांनी पॅसेजमध्ये हाताला धरून चालवायचो.