इस्रोची चवळी परत आलेलीच नाहीये!!

कोथरूडच्या दोन-तीन सोसायटी ग्रुपवर फिरतंय की इस्रोच्या अंतराळवीरांनी वर चवळी उगवली, जगात पहिल्यांदाच, आणि तेच बियाणं आता मार्केट यार्डात मिळतंय. काका लोकांनो, जरा थांबा.

चवळी उगवली हे खरंय. 30 डिसेंबर 2024 ला पीएसएलव्ही सी-60 रॉकेट उडालं, त्याचा चौथा टप्पा म्हणजे पोएम-4 वरच फिरत ठेवला आणि त्यावर क्रॉप्स नावाच्या बंद डब्यात 8 बिया होत्या. त्या 4 दिवसांत अंकुरल्या, मग पानंही फुटली. पण तिथे माणूस कुणीच नव्हता हो! पाणी घालायला इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह, तो जमिनीवरून कमांड देऊन उघडायचा, उजेडाला एलईडी, वर कॅमेरा लावलेला, आणि डब्यातला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साईड, ओलावा सगळं मोजत होते, खरी गंमत तर यातच आहे आणि फॉरवर्डमध्ये नेमकं तेच गायब.

पहिल्यांदा वगैरे पण नाही. 1982 मध्ये रशियनांच्या सॅल्यूत-7 या अंतराळ स्थानकावर रोपाला फुलं येऊन बिया धरल्या होत्या, ते स्थानक माणसांचं होतं म्हणा, पण 2019 ला चीनच्या चांग'ई-4 यानामध्ये चंद्रावर कापूस अंकुरला तेव्हा तिथेही कुणी नव्हतं.

आणि बियाणं? पोएम-4 एप्रिल 2025 मध्ये वातावरणात शिरून हिंदी महासागरावर संपलं. काहीच परत आणलं नाही, आणायचं ठरलंही नव्हतं. त्यामुळे 'इस्रो चवळी' म्हणून कुणी पाकीट पुढे केलं तर ती साधी चवळी आहे, उसळ करा.