‘पाच सेकंद पॉज करा’ने कॉमेंट्री जुळत नाही

क्रिकेटचा मोठा सामना जवळ आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. टीव्हीचा आवाज बंद करा आणि आकाशवाणीची कॉमेंट्री ॲपवर लावा. उपग्रह लांब असल्यामुळे चित्र पाच सेकंद मागे असतं, म्हणून ॲप पाच सेकंद पॉज करा. एकदा जुळलं की सामनाभर बघायला नको. साधा रेडिओ असेल तर टीव्हीच्या सेटिंगमधला ऑडिओ डिले वाढवा, नाहीतर ब्लूटूथ हेडफोन घाला.

हेतू उत्तम आहे. रेडिओचं समालोचन चित्र न दिसणाऱ्या माणसासाठी केलेलं असतं. क्षेत्ररक्षण कसं लावलंय, चेंडू कुठे पडला, वारा कुठून आहे, हे सगळं त्यात येतं. बाळ ज. पंडितांनी धावतं समालोचन मराठीत रुजवलं ते याच शहरात राहून. ते ऐकत चित्र पाहण्याची इच्छा पुणेकराला व्हायलाच हवी. पण संदेशातल्या पायऱ्या पाळल्या तर हाती फक्त वैताग येतो.

‘उपग्रह लांब असल्यामुळे उशीर होतो.’ उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. सिग्नलला वर जाऊन खाली यायला जेमतेम पाव सेकंद लागतो. दोन उपग्रहांवरून आला तरी अर्धा सेकंद. बाकीचा उशीर चित्र आकुंचित करण्यात जातो. आकुंचन करणाऱ्या यंत्राला, म्हणजे एन्कोडरला, पुढच्या फ्रेम पाहिल्याशिवाय मागची नीट दाबता येत नाही, म्हणून तो चित्र साठवून ठेवतो. डीटीएच किंवा केबल कंपनी तेच चित्र अनेकदा उलगडून पुन्हा दाबते, इतर चॅनेलांबरोबर एका प्रवाहात गुंफते, आणि घरातला सेट टॉप बॉक्स पुन्हा थोडं साठवतो. केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३च्या मुदतीने, पुण्याच्या घरोघरी बॉक्स आला; त्याने या साखळीत आणखी एक कडी जोडली.

‘सगळीकडे फरक पाच सेकंदांचाच.’ संदेशातली सर्वांत घातक ओळ हीच. डीटीएच आणि केबल साधारणपणे काही सेकंद मागे असतात, पण एकाच चॅनेलच्या एचडी आणि एसडी आवृत्त्यांतही फरक पडू शकतो. मोबाईल ॲपवरचं चित्र तर वीस ते चाळीस सेकंद मागे असू शकतं, कारण ते सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांत येतं आणि प्लेअर तीनेक तुकडे हाताशी ठेवून मगच दाखवतो. कोथरूडच्या सोसायटीत शेजारच्या विंगमधून जल्लोष आधी ऐकू येतो आणि आपल्याकडे गोलंदाज अजून धावतच असतो, तो यामुळेच.

दुसरं म्हणजे आकाशवाणीचं ॲपही असाच इंटरनेटचा प्रवाह आहे. ते डीटीएचच्या मागे असेल तर ॲप पॉज करून अंतर आणखी वाढेल. तिथे चित्र थांबवावं लागतं: रेकॉर्डिंगची सोय असलेल्या बॉक्सवर पॉज करायचं (बऱ्याच बॉक्सना त्यासाठी पेन ड्राइव्ह लागतो) आणि समालोचन त्या क्षणापाशी पोचलं की सोडायचं. साध्या रेडिओची गोष्ट उलटी. आकाशवाणी पुण्याची ७९२ किलोहर्ट्झची मध्यम लहर ट्रान्समीटरवरून घरी पोचायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही, त्यामुळे तो बहुधा चित्राच्या पुढे असतो. डीआरएम, म्हणजे डिजिटल रेडिओच्या, सेटवर मात्र उलगडण्यातच काही सेकंद जातात.

‘ऑडिओ डिले वाढवा, ब्लूटूथ घाला.’ टीव्हीतलं ते सेटिंग टीव्हीचाच आवाज ओठांशी जुळवण्यासाठी आहे, आणि त्याची धाव सेकंदाच्या काही दशांशांपर्यंत. बाहेरच्या रेडिओचा त्याच्याशी संबंध नाही. ब्लूटूथने साधारण पाव सेकंद मागे पडतं. समजा मोजल्यावर सात सेकंद हवे निघाले, तर पाव सेकंदाचं काय करायचं?

मग रेडिओ मागे कसा खेचायचा? लॅपटॉप, मोफत मिळणारा व्हीएलसी प्लेअर, दोन्ही टोकांना ३.५ मिलिमीटरची पिन असलेली वायर आणि लॅपटॉपच्या यूएसबीत लावायचं साउंड कार्ड. शेवटच्या दोन वस्तू पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत मिळतात. साउंड कार्ड टाळू नका: बऱ्याच लॅपटॉपला हेडफोन-माइक मिळून एकच भोक असतं आणि साधी वायर खुपसली तर आवाज आतच जात नाही. रेडिओच्या हेडफोनच्या भोकातून कार्डाच्या माइकच्या भोकात वायर जोडा, रेडिओचा आवाज पावभर ठेवा, लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमधला माइक बूस्ट शून्य करा. आवाज फाटत असेल तर आधी रेडिओचा आवाज कमी करा.

व्हीएलसीत मीडिया मेन्यूमधून ‘ओपन कॅप्चर डिव्हाइस’ उघडा. व्हिडिओला ‘नन’ आणि ऑडिओला ते कार्ड निवडा. ‘शो मोअर ऑप्शन्स’वर टिचकी मारली की ‘कॅशिंग’चा रकाना दिसतो, तिथे ३०० मिलिसेकंद असतात. सात सेकंद हवे तर ७०००. प्ले केल्यावर तेवढा वेळ शांतता असते, बिघाड समजून बंद करू नका. आकडा बदलायचा तर थांबवून पुन्हा सुरू करावं लागतं.

आकडा काढायचा तो मोजून. समालोचकाच्या वाक्यावर मोजू नका, तो चेंडू खेळल्यानंतर बोलतो. रेडिओवर मैदानातल्या माइकमधून बॅटचा ठोका येतो. त्यावर मोबाईलचं स्टॉपवॉच सुरू करा आणि पडद्यावर बॅट लागताच थांबवा. पाच चेंडू मोजा, मधला आकडा घ्या. मग टीव्हीचा आवाज हलका चालू ठेवून प्रेक्षकांचा गलका ऐका. दोन्हीकडचा गलका एक झाला की टीव्ही म्यूट. शंका असेल तर अर्धा सेकंद जास्त घाला. समालोचन किंचित मागे असलं तर खटकत नाही, पुढे असलं तर विकेट आधीच कळते.

खरखर आली तर रेडिओ लॅपटॉप आणि एलईडी दिव्यापासून एक-दोन मीटर दूर न्या, लॅपटॉप बॅटरीवर चालवा. मध्यम लहरीचा अँटेना रेडिओच्या आतच, फेराइटच्या कांडीवर असतो. सेट जागच्या जागी फिरवून खरखर सर्वांत कमी होईल ती दिशा शोधा. एफएमवर ऐकणार असाल तर खिशातल्या रेडिओला इअरफोनची वायरच अँटेना असते, ती काढल्यावर केंद्र हरवू शकतं. त्यासाठी ओढायच्या अँटेनाचा सेट घ्या.

‘एकदा जुळलं की बघायला नको.’ रेडिओ आणि डीटीएचची जोडी बऱ्यापैकी टिकते. साउंड कार्डाच्या घड्याळातला फरक तासाला सेकंदाच्या दशांशांत असतो. मोबाईल ॲपवरचं चित्र मात्र एकदा अडखळलं की पुढचा सगळा सामना तेवढाच मागे सरकतो, आणि कुणी ‘लाइव्ह’वर बोट ठेवलं की उडी मारून पुढे येतो. लाइट जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला, एसडीवरून एचडीवर गेलात, बॉक्स बंद-चालू केलात, की पुन्हा मोजा. पहिल्या षटकातच मोजून घ्यायचं असेल तर रेडिओ आणि वायर नाणेफेकीच्या आधी जोडून ठेवा.