सिलेंडर नको, बुडबुडे नाहीत, टेन्शन नाही? थांबा की जरा

तारकर्लीचे प्लॅन ठरायला लागले की कोल्हापुरातल्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतोय: "सेमी-क्लोज्ड रीब्रीदर लावा, सिलेंडर लागत नाही, बुडबुडे येत नाहीत, कितीही खोल जावा, पंचगंगेत पोहणाऱ्यालापण जमतंय, साध्या स्कूबापेक्षा सेफ." रीब्रीदर म्हणजे सोडलेलाच श्वास साफ करून परत वापरणारं डायव्हिंगचं मशीन, पण भावांनो, मेसेजमधलं सगळंच गंडलंय.

सिलेंडर लागतोच, छोटा चालतो एवढंच. आपण सोडलेल्या श्वासात १६-१७ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतोय, साध्या सेटमधनं तो वाया जातो, इथं तो पिशवीत परत येतो, वाटेत सोडालाइमचा डबा कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि बारीक नोझलमधनं नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनवाली हवा) एकसारखा येत राहतो. २० मीटरवर साध्या सेटला मिनिटाला ६० लिटर लागत असंल तर इथं १० लिटरवर भागू शकतंय.

बुडबुडे येतात की. जास्तीचा गॅस व्हॉल्व्हमधनं बाहेर पडणारच, फक्त कमी.

कितीही खोल? ४० टक्के ऑक्सिजनवाला नायट्रॉक्स भरला तर साधारण २५ मीटर, विषय संपला. त्याखाली ऑक्सिजनचाच त्रास होऊन फिट येऊ शकते, ते पण पाण्यात.

आणि पोहणाऱ्याला जमतंय म्हणे! साधा स्कूबा कोर्स, नायट्रॉक्सचा कोर्स, वर त्या मशीनचं वेगळं ट्रेनिंग, मग बघू.

आता "सेफ". खरी गोम इथं हाय. नोझल तोच ४० टक्केवाला नायट्रॉक्स मिनिटाला १० लिटरच सोडणार, पण तुमचं शरीर मेहनतीप्रमाणं ऑक्सिजन खातंय. निवांत पोहताना मिनिटाला १ लिटर खाल्ला तर पिशवीत ३३ टक्के राहतो, करंटविरुद्ध पाय मारत पावणेदोन लिटर खाल्ला तर २७. आता नोझल कचऱ्यानं अर्धं तुंबलं समजा, ५ लिटरच येतोय, मेहनत तेवढीच, तर पिशवीत उरतो फक्त ८ टक्के! तरी २० मीटरवर काय कळत नाही, कारण दाब तिप्पट, शरीराला तो जमिनीवरच्या हवेएवढाच भासतोय. वर यायला लागला की दाब उतरतो आणि माणूस बेशुद्ध, धाप नाही की गुदमरणं नाही, कारण धाप लागते कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर आणि तो तर डब्यानं आधीच काढलाय. साध्या सेटमध्ये हवा संपत आली की निदान श्वास ओढताना जड लागतंय.

म्हणून पिशवीतला ऑक्सिजन दाखवणारा मीटर आणि वेगळी बेलआउट बाटली (मशीन बिघडलं तर श्वास घ्यायला) नसताना हे मशीन कुणी फुकट दिलं तरी पाठीवर घेऊ नका.