ऐंशी हजारांचा आकडा

2024 च्या नोव्हेंबरमध्ये विधानसभेचे निकाल लागले, त्या रात्री माझ्या भाच्याने घरच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं, "मतदानाआधी परीक्षा घ्यायला पाहिजे. ज्याला अर्थसंकल्प म्हणजे काय ते माहीत नाही, त्याचं मत आणि माझं मत सारखं कसं?" तो पुण्यात इंजिनिअर आहे, वाचणारा आहे, आणि माझा फार लाडका आहे. त्याच्या ओळीखाली नातेवाइकांचे अंगठे पडत गेले. कुणी म्हणालं, लाडकी बहीण योजनेच्या महिना दीड हजारात मतं विकली गेली. कुणी म्हणालं, जनतेला सगळं कळतं, जनता चुकत नसते. मी त्या रात्री काहीच लिहिलं नाही. हे त्याला माझं उत्तर, उशिरा दिलेलं.

मी स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूरला राहते. चौदा वर्षं झाली. पासपोर्ट भारताचाच ठेवला आहे, म्हणून इथे मला मत नाही. या देशात राहणारी चौथ्या हिश्श्याहून जास्त माणसं माझ्यासारखीच परदेशी, म्हणून बिनमताची आहेत. गावाकडे, वाळवा तालुक्यात, मला मत आहे. 2010 च्या कायदादुरुस्तीनंतर परदेशस्थ भारतीयांना यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन केंद्रावर स्वतः उभं राहावं लागतं. तेव्हा दोन्हीकडचं राजकारण मी काठावर बसून बघते. काठावरून एवढं मात्र नीट दिसतं की लोकांना जे कळतं, ते त्यांना कुठून कळतं.

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. आयुष्यभर रेल्वेत नोकरी केली, शिक्षण म्हणाल तर शाळा आणि मग कामावरच शिकण्याची उमेदवारी. वर्षातून साधारण चार वेळा त्यांच्याकडे टपालाने एक पाकीट येतं. त्यात मतपत्रिका असते आणि एक लाल पुस्तिका. ज्या प्रश्नावर मत द्यायचं, तो प्रश्न, कायद्याचा जसाच्या तसा मसुदा, सरकारचं आणि संसदेचं म्हणणं, आणि विरोधकांचं म्हणणं विरोधकांच्याच शब्दांत. पुस्तिका मतदानाच्या तीनचार आठवडे आधी येते. ते ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवतात आणि रोज थोडी वाचतात, हातात पेन्सिल घेऊन. मी एकदा विचारलं, तुम्ही आधी कुठलं पान उघडता? म्हणाले, ज्यांच्याशी माझं पटत नाही त्यांचं. ते वाचून माझं मत हललं नाही, तर मग ते माझं.

त्यांना कुणी परीक्षा द्यायला लावलं नव्हतं. प्रश्न दारात आला, त्याला होकार किंवा नकार द्यायचा होता, आणि त्या उत्तराने खरोखर काहीतरी ठरणार होतं. म्हणून ते वाचायला बसले. भाच्याचं म्हणणं होतं, आधी अभ्यास, मग अधिकार. मी इथे जे बघितलं ते बरोबर उलटं आहे.

आता त्या आकड्याची गोष्ट. 28 फेब्रुवारी 2016 ला इथे एका प्रस्तावावर मतदान झालं. दोघंही कमावत असलेल्या काही जोडप्यांना लग्न केल्यामुळे केंद्राचा प्राप्तिकर जास्त भरावा लागतो. तो भार काढून टाका, अशी ती मागणी होती. त्याच प्रस्तावात लग्नाची व्याख्या एक पुरुष आणि एक स्त्री अशी घातली होती, त्यामुळे वाद दुहेरी झाला. पुस्तिकेत सरकारने सांगितलं, असा जास्त कर भरणारी कमावती जोडपी सुमारे 80,000 आहेत. प्रस्ताव पडला : 50.8 टक्के विरोधात. फरक जेमतेम 55,000 मतांचा. कँटनांचं, म्हणजे इथल्या राज्यांचं, बहुमत तर प्रस्तावाच्या बाजूने होतं.

2018 च्या जूनमध्ये सरकारनेच कबूल केलं की आकडा चुकला होता. कमावती जोडपी 80,000 नव्हती, सुमारे 4,54,000 होती. निवृत्तिवेतनावरची आणखी अडीच लाख जोडपी वेगळीच. मोजताना मुलंबाळं असलेली जोडपी सुटली होती. मी स्वतः विमा कंपनीत आकडेवारीचंच काम करते, अशी चूक कशी होते हे मला ठाऊक आहे. पण शेजारचे आजोबा त्या दिवशी जिन्यात भेटले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी विरोधात मत दिलं होतं. "मला ऐंशी हजार सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी त्यावर विचार केला. माझा विचार बरोबर होता, पण तो चुकीच्या आकड्यावर होता."

प्रकरण लोझानच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 10 एप्रिल 2019 ला न्यायाधीशांनी उघड्या सुनावणीत, लोकांसमोर चर्चा करून ते मतदान रद्द ठरवलं. 1848 मध्ये आधुनिक स्वित्झर्लंड उभं राहिल्यापासून देशपातळीवरचं मतदान रद्द होण्याची ही पहिलीच वेळ. आकडा इतका चुकीचा आणि निकाल इतका निसटता, की लोकांना आपलं मत नीट बनवताच आलं नाही, हा त्यामागचा विचार. मला त्यात सगळ्यात मोलाचं हे वाटलं की न्यायालयाने लोकांना अडाणी ठरवलं नाही. त्यांना जे सांगितलं गेलं त्याची झडती घेतली. आपल्याकडे झडती नेहमी मतदाराची होते.

हा देश काही आदर्श नाही. इथल्या पुरुषांनी 1959 मध्ये बायकांचा मताधिकार दोनतृतीयांश मतांनी फेटाळला होता. तेव्हाचे पुरुष चांगले शाळा शिकलेले होते. तो हक्क 1971 मध्ये मिळाला, आणि अपेनझेलच्या एका कँटनात स्थानिक मतासाठी बायकांना 1990 पर्यंत थांबावं लागलं, तेही न्यायालयाने सांगितलं म्हणून. 2009 मध्ये देशात मिनार होते चार, आणि नवे मिनार बांधायला बंदी घालावी असं 57.5 टक्क्यांनी ठरवलं, सरकार आणि संसद दोघं विरोधात असताना. पुस्तिका त्याही वेळी घरोघरी गेली होती. म्हणजे माहिती पोचली की शहाणपण येतंच, असं मी म्हणणार नाही. मुसलमान शेजाऱ्याबद्दलची भीती पुस्तिकेतल्या पानाने जात नाही.

आणि न्यायालयही दर वेळी मतदान रद्द करत नाही. 2022 मध्ये बायकांचं निवृत्तीचं वय 64 वरून 65 करायला निसटत्या बहुमताने मान्यता मिळाली. 2024 च्या ऑगस्टमध्ये उघड झालं की निवृत्तिवेतन निधीचा पुढचा अंदाज काही अब्ज फ्रँकने चुकला होता. बायकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, पण त्या डिसेंबरमध्ये मतदान रद्द करायला नकार मिळाला. माझ्या ऑफिसातल्या एका सहकारी बाईंना त्यामुळे जास्त काळ काम करावं लागणार आहे. त्या अजून चिडलेल्या आहेत, आणि मला त्यांचा राग रास्त वाटतो.

पण रागावण्यासाठी काहीतरी लेखी हातात होतं. कुणीतरी सहीनिशी आकडा दिला होता, तो खोटा निघाला हे दाखवता आलं, आणि दाखवल्यावर कुणाला तरी उत्तर द्यावं लागलं. एवढ्या तीन गोष्टी असल्या की साधा माणूससुद्धा राजकारणातलं खरंखोटं तपासू शकतो. त्या नसल्या तर पीएच.डी. झालेलाही फक्त आपल्या आवडीच्या वाहिनीवरचं वाक्य पुन्हा म्हणत राहतो.

आईकडे पोळ्या करायला येणाऱ्या काकू आहेत. भाच्याच्या परीक्षेत त्या पहिल्याच प्रश्नाला अडकल्या असत्या. पण लाडकी बहीण योजनेबद्दल त्यांना जे ठाऊक होतं ते आमच्या गटावर कुणालाही ठाऊक नव्हतं. वय 21 ते 65, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, पैसे त्याच खात्यात जे आधारला जोडलेलं आहे, जाऊबाईंचा अर्ज कशामुळे अडला, कुठल्या केंद्रावर पैसे न घेता अर्ज भरून देतात. हे सगळं त्यांनी फेऱ्या मारून, चुका करून, दुसऱ्या बायकांना विचारून मिळवलेलं. पुढे अर्जांची फेरतपासणी सुरू झाली तेव्हा कुणाकुणाचं नाव गळणार हेही त्या अचूक सांगत होत्या. त्यांना ठाऊक नव्हतं ते एवढंच, की योजनेला वर्षाला 46,000 कोटी रुपये लागतील असं अर्थसंकल्पात म्हटलं होतं. मी भाच्याला फोन करून विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं. काकूंच्या दाराशी असं पत्रक कधी आलंच नाही, की हे पैसे इतके लागतील, ते इथून येतील, सरकारचं म्हणणं हे, विरोधकांचं हे. ते आलं असतं आणि त्यांनी वाचून घेतलं नसतं, तर मी भाच्याचं म्हणणं ऐकलं असतं.

शिक्षणाची अट लावून बघितलीच आहे आपण. हरियाणाने 2015 मध्ये पंचायतीच्या उमेदवारांना शाळेची इयत्ता लावली, आणि बरंवाईट ओळखायची ताकद शिक्षणानेच येते असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. महाराष्ट्रातही 2017 मध्ये थेट सरपंचपदाच्या तरुण उमेदवारांना 7वी उत्तीर्णची अट आली. ज्या बाईला तिच्या बापाने चौथीतून काढून शेळ्यांमागे पाठवलं, तिला त्याच कारणाने पंचायतीतूनही बाहेर ठेवायचं, हे मला मान्य होत नाही.

मेंढा लेखाचं उदाहरण मला भाच्यापुढे ठेवायचं आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं, धानोरा तालुक्यातलं गोंड वस्तीचं छोटं गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. घोषणा सगळ्यांना पाठ असते, पण तिच्या मागची पद्धत कमी लोकांना ठाऊक आहे. तिथे ग्रामसभा वेगळी आणि अभ्यासगट वेगळा. अभ्यासगटात कुणीही बसावं, बाहेरचा माणूसही बोलवावा, कायदा वाचावा, वाद घालावा. तिथे काहीही ठरवायचं नाही. ठरवायचं ग्रामसभेने, तेही सर्वसहमतीने. एकाचंही मन वळलं नसेल तर थांबायचं. शिकायची जागा आणि ठरवायची जागा वेगळी ठेवली की शिकताना कुणाला हरण्याची भीती राहत नाही. गावातले देवाजी तोफा आणि त्यांचे साथी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावाबरोबर हे वर्षानुवर्षं केलं.

त्याचं फळ बांबूवर दिसलं. 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू स्पष्टपणे गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारी वस्तू, म्हटला आहे, त्यामुळे गावाचा त्यावर हक्क. 1927 च्या भारतीय वन कायद्याने मात्र बांबूला झाडात धरलं होतं. गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखातं देईना. गावाने कायदा वाचलेला होता. बांबू गवत की झाड, हा वाद त्यांनी दिल्लीपर्यंत नेला. 2011 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. कायद्याचं कलम बरोबर लावणारी ही माणसं भाच्याच्या परीक्षेला बसली असती तर किती गुण मिळाले असते, याचा त्यानेच विचार करावा.

शहरातही हे होतं. 2015 मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा आला आणि लोकांनी आपापल्या वॉर्डाचा नकाशा उघडला. वारसा इमारती नोंदीतून सुटलेल्या, नको तिथून रस्ते गेलेले. एरवी "राजकारणात आम्हाला रस नाही" म्हणणारी माणसं भिंग घेऊन बसली, कारण नकाशात त्यांची गल्ली होती. हरकतींचा ढीग पडला आणि दोनेक महिन्यांत तो मसुदा सरकारला बाजूला ठेवावा लागला.

"हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत" हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर कायम असतं. कोपऱ्यात, बारीक टाइपात, सरकारी मराठीत. मला वाटतं आपली खरी परीक्षा त्या कोपऱ्यात आहे. ती जाहिरात कळेल अशा भाषेत घरी यावी. विरोधी बाजू त्यातच छापलेली असावी. कुठली हरकत का फेटाळली, हे लेखी मिळावं. आणि सरकारने दिलेला आकडा खोटा निघाला तर निर्णय पुन्हा लोकांपुढे यावा. यातलं पहिलं तर एखादी नगरपालिकाही उद्यापासून करू शकेल.

भाच्या, तुझं नाव अजून गावच्या मतदार यादीतच आहे, पुण्याला तू बदलून घेतलं नाहीस. म्हणजे तू ग्रामसभेचा सभासद आहेस. आपल्या गावात सभेला गणपूर्ती (कोरम) होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून पुढच्या वेळी पंधरा माणसांत वर्षभराचे ठराव मंजूर होतात. हे मला काकूंनीच सांगितलं. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला मी गावी आहे. तू आदल्या रात्री ये. पाणीपुरवठ्यावरच्या खर्चाचा तक्ता ग्रामसेवकांकडून आधीच मागून ठेवलाय, तो आपण काकूंबरोबर बसून वाचू. टाक्या किती आणि नळ कुठे कुठे पोचलेत, ते त्यांना माहीत आहे. बेरजा तू तपास.