शिंग सापडलं म्हणजे शिकार झाली असं नाही

किनवट-माहूरच्या जंगलात फांदीदार शिंग पडलेलं दिसलं की ‘चितळ मारलं’ असा मेसेज फिरतो. हा समज चुकीचा आहे. चितळ नराची शिंगं दरवर्षी बुडाशी सुटून गळतात, मग मखमली कातडीखाली नवी वाढतात. सगळ्यांची एकाच वेळी नव्हे. एकाच कळपात कुणी बोडका, कुणी भरल्या शिंगांचा दिसतो. सांबराचंही तसंच. गळलेली शिंगं साळिंदरं कुरतडतात, तेव्हा ती जंगलातच राहू द्या. घरी नेणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. शिंगाला कवटीचा तुकडा चिकटलेला असेल, तर मात्र जनावर मेलेलंच. आपल्या शिवारातल्या काळविटाचं पिळदार शिंग तर कधीच गळत नाही. असं काही दिसलं तर फोटो फिरवत बसू नका, वनविभागाला १९२६ वर कळवा.