प्लेटलेट मरत नाहीत, मामा

परवा नागपुरात महाल भागात मामांकडे गेलो. ओट्यावर मिक्सरच्या भांड्यात पपईची पानं, आणि औषधांच्या डब्यात इकोस्प्रिन (म्हणजे अ‍ॅस्पिरिनच) आणि क्लोपिडोग्रेल, या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या दोन्ही पट्ट्या न फोडलेल्या. "बंद केल्या नं मी. आठ दिवस झाले," मामा म्हणाले. "त्या नोबेलवाल्यानंच सांगितलं नं बाप्पा, प्लेटलेट मरतात म्हणून!" मामांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे धातूची जाळी, टाकून सात महिने झालेत फक्त.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. नोबेल मिळालेल्या जॉन व्हेन यांनी म्हणे सिद्ध केलं की अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट (रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशी) मारते, दहा दिवसांत सगळ्या संपतात. डेंग्यूच्या दिवसांत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सोडा, पपईच्या पानांचा रस घ्या, ब्लॉकेजही सुटतं.

प्लेटलेट मरतात हे साफ खोटं आहे. व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं ते इतकंच की अ‍ॅस्पिरिन शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनू देत नाही. १९८२चं नोबेल त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासोबत याच रसायनांवरच्या कामासाठी मिळालं. या रसायनांचंच एक भावंड थ्रोम्बॉक्सेन. प्लेटलेट ते सोडते, मग बाकीच्या येऊन चिकटतात आणि गुठळी होते. अ‍ॅस्पिरिन हे थ्रोम्बॉक्सेन बनवायला लागणारं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) कायमचं बंद पाडते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे नवं एन्झाइम तिला बनवता येत नाही. पण ती मरत नाही. आपले ७ ते १० दिवस रक्तात फिरते, फक्त तिचा चिकटपणा कमी झालेला असतो. मेसेजमधले 'दहा दिवस' इथूनच उचललेत! रोज नव्या प्लेटलेट येतात, म्हणून गोळी रोज. मामांचा गेल्या महिन्यातला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा रिपोर्ट, मी त्यांच्यापुढे ठेवला. दोन्ही गोळ्या चालू असताना प्लेटलेट २ लाख ३० हजार. आता गोळ्या सोडून आठ दिवस झाले, म्हणजे बहुतेक प्लेटलेट पुन्हा चिकटायला मोकळ्या, आणि आत धातूची जाळी.

ज्यांना पुरावा हवा त्यांनी १९८८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेली आयसिस-२ चाचणी बघावी. ४१७ रुग्णालयं, हार्ट अटॅकचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण. पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणानं झालेले मृत्यू अ‍ॅस्पिरिन न मिळालेल्यांत ११.८ टक्के, मिळालेल्यांत ९.४ टक्के. व्हेन यांच्या शोधाचा अर्थ हा आहे. त्यांचं नाव लावून लोकांना गोळी सोडायला लावणं मला सहन होत नाही.

डेंग्यूचं अर्धं खरं आहे, मान्य. डेंग्यूत अ‍ॅस्पिरिननं रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून तापासाठी ती घेऊ नये. पण स्टेंट असलेल्यानं तेव्हाही डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवायचं. मामांना तर तापच नव्हता. हृदयविकार नसलेल्यांनी मनानं ही गोळी सुरू करू नये, हेही खरं. २०१८च्या अ‍ॅस्प्री चाचणीत अशा १९,११४ वयस्कर लोकांत फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला.

पपईच्या रसानं ब्लॉकेज सुटतं याला काडीचा आधार नाही.

मामांसमोरच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं तशा दोन्ही गोळ्या त्याच रात्री सुरू झाल्या. ज्या ग्रुपवरून मेसेज आला तिथे स्टेंट असलेले आणखी दोघं आहेत. त्यांना आज फोन करतोय.