तव्यावरचा अंगठा

काल रात्रीपासून माझ्या बिडाच्या तव्यावर शेजारच्या काकांच्या अंगठ्याचा ठसा आहे आणि तो निघत नाहीये. अगदी रेघा मोजता येतील असा ठसा.

तवा माळ्यावर सापडला, गंजून लाल झालेला. अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी, त्यात अर्धा तास बुडवा, तारेच्या घासणीने घासा, परत बुडवा. रात्रभर मात्र ठेवायचा नाही, गंज संपला की ॲसिड खुद्द तव्यालाच खायला लागतं. एवढं करून धुतला तर पुसेपर्यंत डोळ्यांदेखत परत केशरी! ओल्या बिडाचं असंच असतं, धुतल्या धुतल्या गॅसवर तापवून सुकवायचं, हे मला तिसऱ्या वेळी कळलं.

मग परत गंजू नये म्हणून तेलाचा थर देऊन तो पक्का व्हायला ओव्हनमध्ये टाकला, घरभर धूर, आणि धुराच्या मागोमाग काका.

"गंज काढलात? अहो लोखंड होतं ते, रक्ताला लागतं."
"काका, गंज होता तो."
"कशाचा गंज?"
"लोखंडाचा."
"मग!"

या "मग"वर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाहीये.

"साबण लावलात? मग मेला तवा." मी सांगितलं, पूर्वीच्या साबणात कॉस्टिक सोडा उरायचा, तो तेलाचा थर खायचा, आताच्या लिक्विडने काही होत नाही. काका म्हणाले, "केमिस्ट्री केलीय का तुम्ही?" म्हटलं नाही. "मी पण नाही," म्हणाले, म्हणजे झाली बरोबरी.

खरी चूक माझीच, कबूल. तेल लावायचं आणि मग जणू चुकून लागलं असं समजून सगळं पुसून काढायचं असतं, मी मायेने जाड थर दिला. 230 डिग्रीला, उपडा, तासभर. गार झाल्यावर बाहेर काढला तर सगळा चिकट. तो चिकट आहे हे मला दिसत होतं, लांबून दिसत होतं, पण काकांनी अंगठा दाबला, चांगला दोन सेकंद, आणि जाहीर केलं, "चिकट आहे."

मी काही न बघता तवा परत ओव्हनमध्ये टाकला, कारण चिकट थर आणखी तापवला की कडक होतो. झाला. अंगठ्यासकट. आता तो तेलाचा थर राहिलेलाच नाही, प्लॅस्टिकसारखं काहीतरी झालंय, व्हिनेगरला दाद देत नाही, ते फक्त गंजाला चालतं. म्हणजे कॉस्टिक सोडा आणा, हातमोजे घाला, सगळे थर उतरवा आणि पहिल्यापासून सुरू करा. तीन रविवार गेलेत माझे! ओला रंग दिसला की बोट, ओलं सिमेंट दिसलं की बोट, डोळे कशाला दिलेत मग? आणि वर सॉरी नाही, उलट "बरं झालं मी बघितलं."

सकाळी काकू मुद्दाम चष्मा घेऊन आल्या. तवा उजेडात धरला, तिरका केला, म्हणाल्या, "यांचाच आहे. हा बघा, विळीचा व्रण."